घटका भरली हे कळणे

जुन्या लग्नघरात मुहूर्ताच्या दिवशी दोन वस्तू शेजारी शेजारी असत: पंचांग आणि घटिकापात्र. पंचांगावरून मुहूर्त कितीतरी आधी काढलेला असे. अमुक तिथी, सूर्योदयानंतर इतक्या घटका, इतकी पळे. एकदा कागदावर उतरला की तो बदलत नसे. लग्नाच्या आदल्या दिवशी जेवढा खरा, तेवढाच लग्नानंतर दहा वर्षांनीही खरा. घटिकापात्राची गोष्ट वेगळी. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढे, वाटी जड होत जाई, काठ पाण्याला टेके आणि ती बुडे. घटका भरली, म्हणजे आपली २४ मिनिटे झाली. लगेच वाटी काढून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची आणि मोजणी पुढे चालवायची. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. वाटीपाशी बसणाऱ्याला नजर हलवण्याची सोय नव्हती, कारण बुडालेली वाटी तशीच तळाशी राहिली तर मध्ये किती वेळ गेला हे ती सांगत नाही. पंचांग हरवले तर शेजारच्या घरून आणता येई. हुकलेली घटका कुठून आणणार?

या दोन वस्तूंमधले अंतर हाच पुढच्या पानांचा विषय आहे. काय केव्हा घडणार हे माहीत असणे ही एक गोष्ट, आणि ते आत्ता घडते आहे हे माहीत असणे ही दुसरी. पहिल्या प्रकारच्या ज्ञानाचा कितीही साठा केला तरी तेवढ्यावर माणूस जागचा हलत नाही. हलायला दुसरे ज्ञान लागते, आणि त्याचा साठा करता येत नाही. विवेकाने वागणे म्हणजे चांगला हेतू आणि खरी माहिती यांची बेरीज, असे आपण सहसा धरून चालतो. ही बेरीज अपुरी आहे असे माझे म्हणणे आहे. सध्या काय चालले आहे, वेळ कोणती झाली आहे, याबद्दलची आपली धारणा ताजी ठेवत राहणे हे विवेकाचेच काम आहे. ते कुणा दुसऱ्याकडे सोपवून विवेकाला मोकळे होता येत नाही. मंगलाष्टकांच्या शेवटी पुरोहित म्हणतो ते ‘सावधान’, म्हणजे अवधान राखून असा. मुहूर्त सगळ्यांना ठाऊक असूनही त्या क्षणी लक्ष मागावे लागते, ही बारीक गोष्ट ज्यांनी तो शब्द तिथे ठेवला त्यांना नीट कळली होती असे मला वाटते.

आधुनिक तत्त्वज्ञानात हा प्रश्न ठळकपणे मांडला तो अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी, १९७९च्या एका निबंधात. त्यांचे उदाहरण अगदी साधे आहे. एका प्राध्यापकाला विभागाच्या बैठकीला वेळेवर जायचे आहे. बैठक दुपारी बाराला आहे हे त्याला सकाळपासून माहीत आहे. तरी तो आपल्या खोलीत स्वस्थ बसून आहे, आणि बाराच्या ठोक्याला एकदम उठून चालू लागतो. मधल्या काळात त्याची इच्छा बदललेली नाही, बैठकीची वेळही बदललेली नाही. मग उठण्याचे कारण काय? तर बैठक ‘आत्ता’ सुरू होते आहे, असे त्याला वाटू लागले. हा ‘आत्ता’ काढून त्याजागी घड्याळाची वेळ ठेवून पाहा. ‘बैठक बाराला सुरू होते’ हे तर त्याला आधीही माहीत होते, आणि तेव्हा तो बसूनच होता. कुणी म्हणेल, यात नवीन ते काय? त्याने घड्याळ पाहिले आणि बारा वाजल्याचे त्याला कळले. पण ‘बारा वाजले आहेत’ या वाक्यातले सगळे बळ ‘आहेत’ या क्रियापदात आहे. बारा रोजच वाजतात. ते आत्ता वाजले आहेत ही खबर घड्याळाने दिली, आणि ती घ्यायला समोर कुणीतरी होते. भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढून खिशात ठेवला तर तो काटे अचूक दाखवील आणि तरीही काही उपयोगाचा नसेल.

आपल्याकडे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर एक पाटी असते: आज रोख, उद्या उधार. ती मुळात गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणण्यासाठी आहे, पण ‘आज’ या शब्दाचे सगळे गणित तिच्यात आहे. पाटीवरचे अक्षर बदलत नाही, तिचा अर्थ मात्र रोज मध्यरात्री बदलतो. काल जो ‘उद्या’ होता तो आज ‘आज’ होऊन बसला, आणि उधारीचा दिवस पुन्हा एक पाऊल पुढे सरकला. डेव्हिड कॅप्लन या तर्कशास्त्रज्ञाने अशा शब्दांबद्दल दाखवून दिले की त्यांचा वापराचा नियम कायम राहतो, पण ते ज्याकडे बोट दाखवतात ते वापरागणिक बदलते. म्हणून सोमवारी जे ‘आज’ म्हणून कळले तेच ज्ञान मंगळवारी टिकवायचे असेल तर ‘काल’ म्हणावे लागते. बाकीची माहिती टिकवायची म्हणजे ती बदलू द्यायची नाही. या एका प्रकारची माहिती टिकवायची तर तिला सतत बदलत राहावे लागते. मराठीने तर याहून पुढची सोय केली आहे. आपण खुर्चीत बसल्या बसल्या ‘निघालोच’ म्हणतो, दाराकडे वळायच्या आधी ‘आलो’ म्हणतो. भूतकाळाचे रूप अगदी जवळच्या भविष्याला लावण्याची ही लकब ऐकणाऱ्याला बरोबर कळते, कारण तोही त्याच ‘आत्ता’मध्ये उभा असतो. तेच ‘आलोच’ चिठ्ठीवर लिहून दाराला लावले तर वाचणारा ते कधी लिहिले असेल म्हणून कोपऱ्यात वेळ शोधतो.

येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो आणि तो बाजूला सारता येत नाही. केंब्रिजच्या मॅकटॅगार्ट यांनी १९०८मध्ये काळाच्या दोन मांडण्या वेगळ्या केल्या. एका मांडणीत घटना भूत, वर्तमान, भविष्य अशा असतात आणि त्यांची जागा सतत सरकते. दुसऱ्या मांडणीत त्या फक्त एकमेकींच्या आधी किंवा नंतर असतात आणि तो क्रम कधीच बदलत नाही. भौतिकशास्त्राला दुसरी मांडणी पुरते. आइन्स्टाइन यांच्या १९०५च्या सिद्धान्तानंतर तर एकमेकांच्या सापेक्ष वेगाने जाणाऱ्या दोन निरीक्षकांचे दूरच्या घटनांबद्दलचे ‘आत्ता’ही एक राहत नाही. मग जगात जर ‘आत्ता’ नावाचे काही नसेल, तर त्याबद्दलच्या धारणेला खरी किंवा खोटी कशी म्हणायची, आणि तिच्यावर विवेकी कृतीचा डोलारा कसा उभारायचा? याचे मला पटलेले उत्तर केंब्रिजच्याच ह्यू मेलर यांनी १९८१च्या आपल्या ‘रिअल टाइम’ या पुस्तकात दिले आहे. ‘बैठक आत्ता सुरू होते आहे’ ही धारणा खरी ठरायला जगात वर्तमान नावाचा सरकता दिवा असण्याची गरज नाही. बैठक सुरू होण्याची वेळ आणि ती धारणा मनात येण्याची वेळ एक असली की झाले. ‘मी’ या शब्दाला अर्थ येण्यासाठी जगात कुठे वेगळा ‘मी’पणा ठेवलेला असावा लागत नाही, बोलणारा असला की पुरते, तसेच हे. तेव्हा ‘आत्ता’ जगाच्या नकाशावर नसेल; पण नकाशा हातात घेऊन चालणाऱ्याला तो पूर्वीइतकाच हवा असतो. अशा उत्तराला न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी १९५९मध्येच केलेला विरोध मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. दाढदुखी थांबल्यावर माणूस ‘सुटलो’ म्हणतो, तेव्हा तो ती दुखण्याची वेळ अमुक तारखेआधीची असल्याबद्दल आनंद मानत नसतो. ती तारीख त्याला कालही माहीत असू शकली असती आणि काल त्याला हायसे वाटले नसते. काळाचे अंतिम स्वरूप या दोघांपैकी कुणाच्या बाजूचे आहे याचा निकाल येथे लावण्याची गरज नाही. कृतीला वर्तमानाची धारणा लागते, हे दोन्ही मतांत टिकते.

आता घड्याळापासून थोडे दूर जाऊ या, कारण ‘आत्ता’ म्हणजे घड्याळातला क्षण असा समज पक्का झाला तर विषय फार चिंचोळा होतो. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वर्षातला सर्वांत महागडा निर्णय पेरणीचा असतो. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते हे कॅलेंडरात छापलेलेच आहे, पण कॅलेंडर पाहून कुणी तिफण रानात घालत नाही. त्याला पाहायचा असतो वापसा. पावसाचे पाणी मुरले, मातीच्या कणांत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी जमीन वापशावर आली म्हणायची. मूठभर माती घेऊन दाबली तर तिचा लाडू होतो, हाताला चिखल लागत नाही, आणि खाली टाकला की लाडू फुटतो. लाडू फुटला नाही तर अजून ओल जास्त आहे, तिफणीच्या फणांना माती चिकटेल. लाडू वळलाच नाही तर वापसा निघून गेला. काळ्या रानात आणि मुरमाड रानात तो वेगवेगळ्या दिवशी येतो, एकाच शिवारात बांधाच्या अलीकडे-पलीकडे वेगळा असू शकतो. हा शेतकऱ्याचा ‘आत्ता’ आहे. तो दोन-तीन दिवसांचा असेल किंवा एका दुपारचा असेल, पण त्याची रुंदी जमिनीवर आणि पुढच्या कामावर ठरते, मिनिटकाट्यावर ठरत नाही.

आणि तो चुकला तर काय होते, त्यालाही आपल्या भाषेत शब्द आहे: दुबार पेरणी. जूनच्या पहिल्या सरी पडतात, मातीला वास सुटतो, वरची दोन बोटे माती ओली होते. पाऊस आला असे मन म्हणते. बियाणे पडते, उगवते, आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे. कोंब जळतात, बियाणे, खत, मजुरी सगळे मातीत जाते आणि पुन्हा उसनवारी करून पेरावे लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी खाते दर वर्षी सांगते. या आकड्याचा उपयोग नीट पाहिला पाहिजे. तो नियम शेतकऱ्याला आधीच पाठ असतो. आपल्या रानात आजवर किती पडला, ओल किती खोल गेली, हे त्याचे त्यालाच आज पाहावे लागते, आणि नियम पाठ असलेला माणूसही नेमका येथे फसतो. हवामान खात्यालाही मोसमी पाऊस केरळात आल्याचे जाहीर करण्याआधी निकष लावावे लागतात: १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, शिवाय वाऱ्यांची दिशा आणि खोली, ढगांची स्थिती. ‘आला’ या एका क्रियापदासाठी एवढा खटाटोप, आणि तो योग्यच आहे. २००९मध्ये पाऊस केरळात २३ मे रोजी, म्हणजे नेहमीच्या आधीच, पोचला. पण त्यानंतर तो असा रेंगाळला की देशभरात जूनचा पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या जवळपास राहिला. पाऊस आल्याची केरळातली बातमी खोटी नव्हती. ती तिथली आणि तेव्हाची होती, एवढेच.

हर्मन काप्पेलेन आणि जोश डेव्हर या दोन तत्त्वज्ञांनी २०१३मध्ये पेरींच्या परंपरेवर कडक टीका केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ‘आत्ता’ आणि ‘मी’ यांचे एवढे कौतुक कशाला? एकच गोष्ट दोन नावांनी माहीत असली आणि ती एकच आहे हे माहीत नसले की माणूस नेहमीच अडतो. संध्याकाळची चांदणी आणि पहाटेची चांदणी दोन्ही शुक्रच, हे ज्याला ठाऊक नाही तो एकीबद्दल कळलेली गोष्ट दुसरीला लावणार नाही. प्राध्यापकाचे अडणे तसेच. त्यात काळाचे काही खास नाही. शिवाय पुष्कळशी कृती तर अशा धारणेवाचूनच होते. डोळ्यांत धूळ गेली की पापणी मिटते, तिला ‘आत्ता’ कळावे लागत नाही. हा आक्षेप मला आदराने घ्यावासा वाटतो, कारण त्याने विषयातली भाबडी गूढता झाडून काढली. पण त्याने मूळ मुद्दा हलत नाही. दोन्ही चांदण्या एकच आहेत हे एकदा कळले की जन्मभर कळले. ती फट एकदाच बुजवायची असते. बारा आणि आत्ता एक आहेत हे कळणे एका मिनिटानंतर खोटे होते. ही फट बुजवल्याबरोबर पुन्हा उघडते, आणि अशी फट दुसऱ्या कुठल्या ज्ञानात नाही.

पापणीच्या उदाहरणाला उत्तर वाट पाहण्यात आहे. प्रतिक्षिप्त क्रियेला ‘आत्ता’ लागत नाही, कारण तिला ‘अजून नाही’ माहीत नसते. विवेकी माणसाचे मोठे काम पुष्कळदा थांबण्याचे असते: तयारी पूर्ण ठेवून, हेतू न सोडता, वेळ होईपर्यंत न हलणे. हे थांबणे स्वस्थ बसण्यासारखे दिसते, पण त्याच्या मुळाशी ‘आत्ता नाही’ ही धारणा सतत जागी असते. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या छपरावर १८३३पासून एक मोठा चेंडू रोज दुपारी एकच्या ठोक्याला खाली पडतो. थेम्स नदीतल्या जहाजांनी तो पाहून आपले क्रोनोमीटर लावायचे. रेखांशाच्या हिशोबात ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैलाची चूक, म्हणून हा नेमका क्षण हवा. पण चेंडू एकदम पडत नाही. १२ वाजून ५५ मिनिटांनी तो खांबावर अर्धा चढवतात, ५८ला पूर्ण वर नेतात, आणि मग एकला सोडतात. ती पाच मिनिटे बघणाऱ्यासाठी आहेत. क्षण दाखवायचा तर आधी पाहणारा तयार करावा लागतो, हे ज्याने ती पद्धत बसवली त्याला उमगले होते.

वर्तमानाची धारणा खोटी असतानाही तिच्यावरची कृती विवेकी असू शकते, हे मान्य करावे लागते, आणि त्यातूनच ही धारणा पुरवणाऱ्यांची जबाबदारी किती मोठी आहे ते कळते. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा आणि हा सराव नसल्याचा इशारा आला. लोकांनी मुलांना न्हाणीघरात, तळघरात नेले, घरच्यांना निरोपाचे फोन केले. ३८ मिनिटांनी दुसरा संदेश आला की तसे काही नाही. त्या लोकांना उतावळे म्हणणे अन्यायाचे होईल. जे आत्ता घडते आहे असे अधिकृतपणे सांगितले गेले त्याला साजेसेच ते वागले. चौकशीत निघाले ते आणखी बोलके आहे. कर्मचाऱ्यांना सरावासाठी ऐकवलेल्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला हा सराव आहे असे शब्द होते, आणि मध्येच हा सराव नाही असेही होते. इशारा पाठवणाऱ्याने आपल्याला यातले दुसरे वाक्यच ऐकू आले असे सांगितले. सगळा घोळ एका प्रश्नापाशी होता: हे आत्ता खरोखर चालले आहे का? याच्या उलट्या बाजूचे उदाहरण मेक्सिको शहराचे. १९८५च्या भूकंपाच्या स्मृतिदिनी, १९ सप्टेंबर २०१७ला, सकाळी अकराला शहरभर भोंगे वाजले आणि लोक ठरल्याप्रमाणे इमारतींबाहेर येऊन पुन्हा कामाला गेले. दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खरा भूकंप झाला. केंद्र जवळ असल्याने भोंगे आणि हादरे जवळजवळ एकदमच आले. देशभरात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. भोंगा तोच, सूचना त्याच, माणसे तीच. फरक होता तो फक्त वेळेचा, आणि भोंग्याच्या आवाजात तो फरक ऐकू येत नाही.

या विषयाबद्दल एक गैरसमज हल्ली फार पसरला आहे, तो येथेच दूर करायला हवा. ‘वर्तमानात जगा’ हा उपदेश आणि येथे मांडलेला विचार यांचे नाते नावापुरते आहे. त्या उपदेशात भूत आणि भविष्य बाजूला ठेवायचे असते. कृतीला लागणारी वर्तमानाची धारणा मात्र जुन्या आठवणीवाचून पांगळी आहे. २६ डिसेंबर २००४ला सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. सिमेउलुए हे बेट केंद्राच्या अगदी जवळचे, तिथे लाटा काही मिनिटांतच पोचल्या. इशारा देणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. पण १९०७च्या लाटेची आठवण तिथे ‘स्मोंग’ या शब्दात आजीकडून नातवाकडे चालत आली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचे. हजारो वस्तीच्या त्या बेटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक दगावले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, आणि तो सगळा वेळ वाया गेला, कारण मागे हटलेले पाणी पाहून काय चालले आहे हे ओळखायला लागणारी आठवण तिथे नव्हती. पाहणारे डोळे दोन्हीकडे होते. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र त्यानंतर, २००७मध्ये सुरू झाले.

डोंगरावर पळून जाण्याने गोष्ट संपत नाही. त्सुनामीच्या लाटा एकामागून एक, कधी तासाच्या अंतराने येतात, आणि पहिली नेहमीच सर्वांत मोठी नसते. १९६४च्या अलास्का भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीमध्ये पहिल्या लाटा ओसरल्यावर लोक आवरसावर करायला खाली परतले. चौथी लाट सर्वांत मोठी होती. वर जाताना त्यांची धारणा खरी होती. खाली येताना ती तासभर जुनी झाली होती.